दोन वऱ्हाड

सर्व्हरवर 'वऱ्हाड' नावाचं फोल्डर एकच होतं. त्या रात्री दोन दिसायला लागली. नाव अगदी तेच, काना-मात्रेचाही फरक नाही.

जुन्या मराठी मासिकांची स्कॅन केलेली पानं आम्ही दूरच्या एका लिनक्स सर्व्हरवर ठेवतो. प्रत्येक पानाचं चित्र आणि त्यातून ओसीआरने काढलेला मजकूर. मी ते सगळं घरच्या जुन्या मॅकवर उतरवून घेतो, मजकुरातल्या चुका सुधारतो आणि परत वर चढवतो. एकूण ऐवज ४० जीबीचा. १०० मेगाबिटची लाइन पूर्ण वेगाने चालली तरी उतरायला जवळजवळ तास लागतो.

रोज एवढं वाहून न्यावं लागत नाही, ते 'आरसिंक'मुळे. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६मध्ये ऑस्ट्रेलियात हा प्रोग्रॅम लिहिला. फाइलचा आकार आणि बदलाची वेळ दोन्हीकडे जुळली की तो ती सोडून देतो. जुळली नाही, तर समोरच्या जुन्या प्रतीच्या तुकड्यांचे चेकसम मागवून फक्त बदललेला भाग पाठवतो. जाण्याचा रस्ता एसएसएचचा, म्हणजे कुलूपबंद. अभय भूषण यांनी १९७१मध्ये ज्याचा पहिला आराखडा मांडला, त्या एफटीपीत पासवर्डसुद्धा उघडाच जायचा.

त्या रात्री मी पंधरा पानांचा मजकूर सुधारला होता. पडद्यावर पंधरा नावं सरकून काम संपायला हवं होतं. पण 'वऱ्हाड'ची पानं पहिल्यापासून जायला लागली, चित्रांसकट. 'कोकण', 'खानदेश' ही बाकीची फोल्डरं जागची हलली नव्हती. आधी पत्त्याच्या शेवटची तिरकी रेघ तपासली. ती असली तर फोल्डरच्या आतलं जातं, नसली तर फोल्डरच जातं. तिथे मी पूर्वी फसलो आहे. रेघ बरोबर होती.

मग दोन्ही नावांचे बाइट काढून पाहिले. एकात ई० ए४ बी१. दुसऱ्यात त्याच जागी ई० ए४ बी०, ई० ए४ बीसी. सगळा घोटाळा 'ऱ'चा! युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एक अखंड अक्षर, किंवा साधा 'र' आणि खाली नुक्ता. जुन्या मॅकची एचएफएस प्लस डिस्क नाव साठवताना अखंड 'ऱ'ची फोड करते. लिनक्स आले ते बाइट तसेच ठेवतं. डोळ्यांना एकच असलेलं वऱ्हाड त्याच्या लेखी दोन होतं.

'ऱ्ह', 'ऱ्य' आपण दिवसभर लिहितो, म्हणून हे मला फार लागलं. 'कोकण'ला याचा त्रास कधी होणार नाही. आणि मराठीतल्या फाइलला मराठी नाव द्यायचं नाही, हा उपाय मला मान्य नाही.

आरसिंकमध्ये 'आयकॉन्व्ह' हा पर्याय आहे. इकडची नावं मॅकच्या पद्धतीची आणि तिकडची साध्या यूटीएफ-८ची, एवढं सांगितलं की तो वाटेत अक्षर जोडून घेतो. मॅकबरोबर आलेल्या २.६.९ आवृत्तीत तो नव्हता, म्हणून नवी आवृत्ती बसवली. जुळ्या फोल्डरमधली सगळी पानं मूळ फोल्डरमध्ये हलवली, वेळा जशाच्या तशा राखून. जुळं रिकामं झाल्याची खात्री केली आणि मगच पुसलं. शेवटी 'ड्राय-रन' लावून पाहिलं, म्हणजे काहीही न पाठवता काय जाईल तेवढं दिसतं.

एकही नाव आलं नाही.