मधल्या सुनेने घर सोडले

लग्नाला 15 वर्षे झाली होती, पण तिने नवऱ्याला कधी पत्र लिहिले नव्हते. दोघे एकाच घरात राहत असताना पत्र लिहिणार तरी कशाला? पहिले पत्र तिने लिहिले ते जगन्नाथपुरीहून आणि त्यात कळवले, की आता मी परत येणार नाही.

ही आहे मृणाल, रवींद्रनाथ टागोरांच्या 'स्त्रीर पत्र' म्हणजे 'पत्नीचे पत्र' या बंगाली कथेची नायिका. 1914 साली 'सबुज पत्र' या मासिकात ही कथा प्रसिद्ध झाली. संपूर्ण कथा म्हणजे मृणालचे हे पत्रच.

सुखवस्तू घरातील सून

मृणाल खेड्यातील मुलगी. थोरली सून दिसायला बेताची, म्हणून सासूने मधल्या मुलासाठी सुंदर मुलगी शोधली. 12व्या वर्षी मृणाल कलकत्त्याच्या त्या मोठ्या घरात आली. तिचे रूप घरचे लवकरच विसरले, पण तिची बुद्धी मात्र त्यांना सतत खटकत राहिली. ती चोरून कविता लिहीत असे. इतक्या वर्षांत ही गोष्ट घरात कोणालाही कळली नाही.

तिची मुलगी जन्मतःच गेली. त्या वेळी आलेला इंग्रज डॉक्टर बायकांच्या राहण्याची जागा पाहून थक्क झाला आणि बाळंतिणीची खोली पाहून चिडला. घराचा दर्शनी भाग सजलेला, आतला भाग मात्र अंधारा आणि कोंदट!

तरीही मृणालला खाण्यापिण्याची, कपड्यालत्त्याची ददात नव्हती. नवराही वाईट चालीचा नव्हता. ती स्वतःच तसे पत्रात लिहिते. मग अशा बाईने घर का सोडावे?

नकोशी बिंदू

याचे उत्तर बिंदूमध्ये आहे. बिंदू ही थोरल्या जावेची धाकटी बहीण. आईच्या मृत्यूनंतर चुलतभावांच्या छळाला कंटाळून ती बहिणीच्या आश्रयाला आली. जवळ रूप नाही, पैसा नाही, त्यामुळे ती कोणालाच नको होती. नवऱ्याची मर्जी राखण्यासाठी सख्ख्या बहिणीनेही तिला मोलकरणीसारखे राबवले. मृणालने मात्र तिला जवळ केले. घरात काही हरवले, तर संशय बिंदूवर. अंगावर पुरळ उठले, तर लगेच देवी आल्याचा बोभाटा. प्रत्येक वेळी मृणाल तिच्या बाजूने उभी राहिली आणि घरच्यांचा रोष ओढवून घेत राहिली.

अखेर बिंदूला घराबाहेर काढण्याचा नेहमीचा उपाय शोधला गेला. तिचे लग्न लावून देण्यात आले. नवरा वेडा निघाला. तिसऱ्याच दिवशी बिंदू पळून आली आणि कोळशाच्या खोलीत लपून बसली. सासरचे न्यायला आले, तेव्हा मृणालवर संकट नको म्हणून ती स्वतःच त्यांच्यासोबत निघून गेली. पुढे मृणालने आपल्या भावाच्या मदतीने तिला पुरीला नेण्याचा बेत आखला. पण त्याआधीच बिंदूने कपडे पेटवून घेऊन जीव दिला.

लोक काय म्हणाले? कपडे पेटवून मरण्याची मुलींमध्ये आता फॅशनच निघाली आहे! यावर मृणाल विचारते, की मग ही आग बंगाली बायकांच्या साड्यांनाच का लागते, बंगाली पुरुषांच्या धोतरांना का लागत नाही?

त्या काळच्या वाचकांना हा प्रश्न चांगलाच झोंबला असणार. 1914च्याच जानेवारीत कलकत्त्यात स्नेहलता नावाच्या मुलीने, आपल्या हुंड्यासाठी वडिलांवर राहते घर गमावण्याची पाळी येऊ नये म्हणून, स्वतःला जाळून घेतले होते.

मृणाल मरत नाही

मृणालचे वेगळेपण पुढेच आहे. सहन करणारी सून समाजाला हवी असते. जळून मेलेल्या सुनेसाठी तो चार दिवस हळहळतोही. पण शुद्धीवर राहून, विचार करून, जिवंतपणी उंबरठा ओलांडणाऱ्या सुनेचे काय करायचे, हे त्याला समजत नाही. मी मरणार आहे, अशी भीती बाळगू नका, असे मृणाल नवऱ्याला स्पष्ट लिहिते. त्यासाठी ती मीराबाईचा दाखला देते. मीरेची बेडीही काही हलकी नव्हती, पण जगण्यासाठी तिला मरावे लागले नाही.

कथेवर वादळ उठले. लाल-बाल-पाल या त्रयीतील बिपिनचंद्र पाल यांनी हिला उत्तर म्हणून दुसरी कथा लिहिली. स्वराज्यासाठी झगडणाऱ्या नेत्यालाही सुनेचे स्वातंत्र्य पचले नाही. पण मृणाल टिकली. 1972 साली पूर्णेंदू पत्री यांनी या कथेवर बंगाली चित्रपट काढला.

हुंडाबंदीचा कायदा 1961 साली झाला. 1986 साली हुंडाबळी हा स्वतंत्र गुन्हा ठरला. तरीही 2022 या एका वर्षात देशात सहा हजारांहून अधिक हुंडाबळींची नोंद झाली. यातल्या किती जणी बिंदूसारख्या एकदा तरी पळून आल्या असतील आणि समजूत घालून परत पाठवल्या गेल्या असतील!

मृणालला बिंदूला वाचवता आले नाही. घरात तिची बाजू घेणारी ती एकटीच होती. थोरल्या जावेचा जीवही आतून बहिणीसाठी तुटत होता, पण तिने तोंड उघडले नाही. तिने एकदा जरी मृणालला साथ दिली असती, तर कदाचित बिंदू जगली असती.