टवका उडाला, पण दात हलला का?

दुधाच्या दाताचा टवका उडाला की घरातल्या सगळ्यांची नजर त्या तुटक्या कोपऱ्यावर खिळते. तुकडा केवढा गेला, हसताना कसं दिसेल, मुलगी असेल तर पुढे असंच राहणार का (नाही राहणार), सगळी चर्चा तिथेच फिरते. मग कुणी म्हणतं, दुधाचाच दात, पडणारच आहे, सोडून द्या. दुसरं कुणी म्हणतं, काढूनच टाका, नाहीतर खालून येणारा पक्का दात नासेल. सल्ले एकमेकांच्या विरुद्ध आहेत, पण चूक एकच आहे. दोघंही तुटलेल्या भागाकडे बघून निकाल देतात. लहान लेकराच्या बाबतीत टवका केवढा, यापेक्षा दात जागचा हलला का, हा प्रश्न मोलाचा आहे. वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव किंवा मानोऱ्याच्या आडगावातून दंतवैद्याकडे जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडवून एसटी पकडणं आलं. अशा ठिकाणी धावपळ कधी करायची आणि घरी बसून लक्ष कधी ठेवायचं, हे आईबापांना कळणं फार गरजेचं आहे.

दुधाचे दात एकूण २०. त्यांतले वरचे पुढचे दोन साधारण ८ ते १२ महिन्यांच्या दरम्यान येतात, म्हणजे मूल उभं राहायला आणि धडपडायला लागतं त्याच सुमाराला. म्हणून ओट्याच्या कडेचा, उंबरठ्याचा, शहाबादी फरशीचा पहिला मार याच दोघांना बसतो. जगभरातल्या पाहण्यांचा एकत्रित हिशेब सांगतो की सुमारे २२.७ टक्के मुलांच्या दुधाच्या दातांना कधी ना कधी इजा होते. तेव्हा तुमचंच लेकरू आगाऊ आणि तुमचंच लक्ष नव्हतं, असं मानून घेऊन आईला बोल लावण्यात अर्थ नाही. या वयात जबड्याचं हाड मऊ असतं, त्यामुळे मार लागल्यावर दात तुटण्यापेक्षा सरकण्याची शक्यता जास्त. पक्क्या दाताचा कोंब दुधाच्या दाताच्या मुळाजवळच, टाळूच्या बाजूला, हाडात वाढत असतो. दात तुटतो तेव्हा आघाताचा बराचसा जोर तुटण्यातच खर्च होतो. दात न तुटता हिरडीत घुसला, तर तोच जोर मुळामार्फत त्या कोंबापर्यंत पोचू शकतो. तीन वर्षांखालच्या मुलात त्या कोंबाचं कवच अजून घडत असतं, म्हणून तिथे पांढरा-तपकिरी डाग किंवा खड्डा राहून जाण्याचा धोका अधिक. आत घुसलेला दात बाहेरून नुसता आखूड दिसतो आणि घरचे समजतात, तुकडा पडला. खरा गोंधळ इथेच होतो.

तो गोंधळ टाळायला तोंड नीट बघावं लागतं, आणि रडणाऱ्या लेकराचं तोंड बघणं सोपं नसतं. त्यावर दंतवैद्यांची एक साधी युक्ती आहे. दोन मोठ्या माणसांनी समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसायचं. मूल आईकडे तोंड करून तिच्या मांडीवर बसतं. मग त्याला मागे झुकवून डोकं दुसऱ्याच्या मांडीवर घ्यायचं, हात आईने धरायचे. स्वच्छ ओल्या फडक्याने रक्त टिपून वरचा ओठ हलकेच उचलायचा. ओठामागची मधली शिवण फाटली असेल तर रक्त भरपूर येतं आणि सगळे हादरतात. पण दहा मिनिटं दाबून धरलं की ते सहसा थांबतं, आणि ती जखम बहुधा टाक्यांशिवाय भरून येते. तुटक्या कडेवर फक्त पांढरा भाग दिसत असेल तर घाई नाही. पिवळसर भाग उघडा पडला असेल तर गार पाणी झोंबतं, तेव्हा चार-आठ दिवसांत दाखवावं. मधोमध गुलाबी-लाल ठिपका दिसला तर नस उघडी पडली आहे. त्या दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी जायलाच हवं. दात आखूड, वाकडा किंवा लोंबता असेल, जबडा नीट मिटत नसेल, तरी तेच. तुकडा कुठे गेला हेही शोधायचं. सुजलेल्या ओठात तो रुतून बसतो, आणि पडल्यानंतर खोकला थांबत नसेल तर श्वासनलिकेत गेल्याची शंका घ्यावी लागते. आणि उलटी, गुंगी किंवा बेशुद्धी असेल तर दाताचं नंतर बघू. आधी १०८ ला फोन.

दातांच्या इजांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये आपल्या सूचना सुधारून प्रसिद्ध केल्या. त्यांचा सगळा कल हात आवरता घेण्याकडे आहे. लहान टवक्याची धार घासून गुळगुळीत करायची, पिवळा भाग उघडा असेल तर झाकायचा. आत घुसलेला दातही ओढून काढायचा नाही, कारण असे बहुतेक दात सहा महिने ते वर्षभरात आपसूक खाली येतात. दुधाचा अख्खा दात निखळला तर तो परत बसवायचा नाही. दात दुधात घालून धावत या, हा मोबाइलवर फिरणारा सल्ला खरा आहे, पण तो सात-आठ वर्षांच्या मुलाच्या पक्क्या दातासाठी. नुसत्या टवक्यासाठी मेडिकलमधून अँटिबायोटिकची बाटली आणण्यालाही आधार नाही. लवंगेचं तेल लेकराच्या हिरडीला पोळतं, पोटात गेलं तर अपायच करतं. मशेरीचं तर नावही काढू नये. मऊ ब्रशने दात साफ ठेवणं आणि काही दिवस मऊ खिचडी-वरणभात, एवढी घरची सेवा पुरते. जखमेत माती गेली असेल तर धनुर्वाताच्या लसीचं काय, हे लसीकरणाचं कार्ड दाखवून डॉक्टरांना विचारावं.

मग दात काळा पडतो, आणि काढून टाकण्याचा आग्रह पुन्हा सुरू होतो. मुका मार लागल्यावर कातडीखाली रक्त साकळतं, तसंच काहीसं दाताच्या आत होतं. कधी तो रंग फिका होतो, कधी तसाच राहतो, आणि असे बरेच दात काहीही त्रास न देता वेळेवर पडतात. नुसता रंग हे दात काढण्याचं कारण नव्हे. हिरडीवर पुळी, पू, सूज, दात अधिकाधिक हलणं, ही कारणं. उलट बाजूने, पडणारच आहे म्हणणाऱ्यांना विचारावं, कधी? दोन वर्षांच्या मुलाचा हा दात आणखी चार-पाच वर्षं तोंडात राहणार. पुढचा एखादा दात लवकर गेला म्हणून आभाळ कोसळत नाही, हे खरं. पण त्याच्या मुळाशी जंतुसंसर्ग मुरत राहिला, तर तो शेजारच्या कोंबालाच भोवू शकतो. दंतवैद्य तपासताना काढतात त्या एक्स-रेची भीतीही अशीच वाढवलेली. दाताच्या एका छोट्या एक्स-रेतून मिळणारा किरणोत्सर्ग आपल्याला निसर्गातून एका दिवसात मिळणाऱ्यापेक्षाही कमी असतो.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे: लक्ष ठेवा म्हणणं सोपं, पण ठेवणार कोण? वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला आणि २०१८ मध्ये देशाच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत आला. २०२४ मध्ये इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, पण दंत महाविद्यालय ही निराळी गोष्ट. आक्षेप मान्य, तरी दारापर्यंत येणारी एक यंत्रणा आधीच आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डॉक्टरांचं फिरतं पथक अंगणवाडीतली मुलं वर्षातून दोनदा तपासतं, आणि तपासायच्या आजारांत दातही आहेत. तिथे प्रामुख्याने कीड बघितली जाते. पण वरचा ओठ उचलून मार लागलेला दात बघायला औषध लागत नाही, यंत्र लागत नाही. अंगणवाडीताईंनी पथकाला नुसतं सांगितलं, की हे लेकरू आषाढात पडलं होतं, तरी पुरे.

घरच्यांनीही लसीकरणाच्या कार्डाच्या मागे पडल्याची तारीख आणि दात कोणता, डावा की उजवा, हे लिहावं आणि महिन्या-दोन महिन्यांनी उजेडात मोबाइलवर एक फोटो काढून ठेवावा. सातव्या वर्षी पक्का दात डाग घेऊन आला की विदर्भात लगेच पाण्यातल्या फ्लोराइडवर बोट ठेवलं जातं. फ्लोराइडचे डाग साधारणपणे दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारखे उमटतात. डाग एकाच दातावर असेल, तर दंतवैद्य पहिल्यांदा हेच विचारतील, की लहानपणी कधी पडला होता का.