गोगलगायीची टाकी आणि जांभ्याचे पाणी
पेडणे व डिचोली तालुक्यांतील भातशेतात पावसाळ्यात पायला ही गोड्या पाण्यातील मोठी गोगलगाय आढळते. प्राणिशास्त्राच्या वर्गासाठी ती काचेच्या टाकीत ठेवतात. चार दिवसांत पाणी गढूळ होते. मग टाकी साबणाने घासून, सारे पाणी फेकून नव्याने भरली जाते. घोटाळा होतो तो इथेच.

विष्ठा व कुजलेला पाला यांतून अमोनिया तयार होतो. वाळूवर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि नंतर त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट करतात. टाकी पूर्ण धुतली की हे जिवाणूही जातात. म्हणून आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा पाणीच बदलावे व वाळू त्याच काढलेल्या पाण्यात खळबळावी. नळाचे पाणी दिवसभर उघडे ठेवून वापरावे. उरलेला पाला दुसऱ्या दिवशी काढावा. तांबे असलेले औषध मात्र घालू नये; गोगलगायींना ते घातक असते.

या भागातील खरी अडचण जांभ्या दगडाची आहे. त्यातील विहिरींचे पाणी बहुधा किंचित आम्लधर्मी आणि चुना कमी असलेले असते. अशा पाण्यात टाकी कितीही स्वच्छ ठेवली तरी शंख झिजतो. त्यावर तिसऱ्यांच्या धुऊन वाळवलेल्या मूठभर शिंपल्या टाकीत ठेवणे पुरते, आणि गोव्यात त्या विकत आणाव्या लागत नाहीत.

पायला कल्ल्यांबरोबर फुफ्फुसानेही श्वास घेते, म्हणून पाण्यावर चार बोटे हवा ठेवावी. उन्हाळ्यात ती तोंडावरचे झाकण मिटून निपचित पडते. तिला मेलेली समजून फेकू नये. मेलेली असेल तर दुर्गंधी येते, आणि मग तिला लगेच बाहेर काढावे.