बटाट्यातील वीज

स्वयंपाकघरातील टोपलीत पडलेला बटाटा पाहून भाजीची आठवण होते. विजेची आठवण सहसा कोणाला होत नाही. परंतु त्याच बटाट्यात तांबे व जस्त हे दोन धातू खोचले, तर त्यातून विजेचा क्षीण प्रवाह मिळू लागतो. ही वीज येते कोठून? बटाट्यातून, की धातूंतून? अशाच एका प्रश्नावरून सुमारे सव्वादोनशे वर्षांपूर्वी इटलीतील दोन थोर शास्त्रज्ञांत मोठा वाद झाला होता.

प्रयोगाची सामग्री अगदी थोडी आहे. एक ताजा बटाटा, तांब्याच्या जाड तारेचा बोटभर तुकडा, जस्ताचा मुलामा दिलेला एक खिळा, दोन जोडतारा आणि विजेचा दाब मोजणारा व्होल्टमापक एवढ्या वस्तू पुरेत. तांब्याची तार घासून स्वच्छ करावी. मग तार व खिळा बटाट्यात दोन बोटे अंतरावर खोल खोचावेत. आत ते एकमेकांना लागता कामा नयेत. तार व्होल्टमापकाच्या धन टोकाला व खिळा ऋण टोकाला जोडताच काटा हलतो आणि एक व्होल्टच्या जरा अलीकडे येऊन थांबतो.

आता एका वेळी एकच वस्तू बदलून पाहावी. लहान बटाट्याऐवजी मोठा घेतला, तरी काटा जवळजवळ तेथेच राहतो. बटाट्याऐवजी लिंबू घेतले, तरी फारसा फरक पडत नाही. परंतु तांब्याची तार काढून तिच्या जागी तसाच दुसरा खिळा खोचला, की काटा शून्याजवळ येतो. बटाटा तोच, रस तोच. तरी वीज नाहीशी होते!

बोलोन्या येथील शरीरशास्त्राचे अध्यापक लुईजी गॅल्व्हानी यांच्यापुढे बटाटा नव्हता, मेलेला बेडूक होता. बेडकाचे पाय पितळेच्या आकड्यांना अडकवून त्यांनी लोखंडी कठड्याला टांगले, तेव्हा ते पाय आचके देऊ लागले. वीज प्राण्याच्या शरीरातच असते, असे अनुमान काढून त्यांनी ते 1791 साली प्रसिद्ध केले. पाव्हिया येथील पदार्थविज्ञानाचे अध्यापक अलेस्सांद्रो व्होल्टा यांना प्रथम ते पटले. पण पुढे शंका आली. आकडा पितळेचा आणि कठडा लोखंडाचा, म्हणजे धातू दोन होते! त्यांनी बेडूक वगळला. रुपे व जस्त यांच्या चकत्यांच्या जोड्या एकावर एक रचून, दोन जोड्यांमध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठ्याचे तुकडे ठेवले. त्या उतरंडीतून विजेचा अखंड प्रवाह मिळू लागला. 1800 साली त्यांनी हा शोध लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळविला. हीच जगातील पहिली बॅटरी होय. गॅल्व्हानी मात्र तो दिवस पाहण्यास हयात नव्हते. 1798 साली त्यांचे निधन झाले होते.

तरीही संपूर्ण सत्य दोघांपैकी एकाच्याही हाती आले नव्हते. दोन धातूंच्या नुसत्या स्पर्शाने वीज उत्पन्न होते, अशी व्होल्टांची समजूत होती. खरे कारण रासायनिक आहे, हे पुढील शास्त्रज्ञांनी दाखविले. बटाट्याच्या रसात सौम्य आम्ल असते. त्यात जस्ताचे कण हळूहळू विरघळतात आणि विरघळताना आपले इलेक्ट्रॉन मागे ठेवतात. हे इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून तांब्याकडे धावतात. हाच विजेचा प्रवाह. तांब्यापाशी आम्लातील हायड्रोजन ते इलेक्ट्रॉन घेतो. म्हणजे झिजते ते जस्त. बटाट्याचा रस केवळ वाट करून देतो. गॅल्व्हानीही अगदीच चुकले नव्हते. प्राण्यांच्या मज्जातंतूंतून विजेचे सूक्ष्म संदेश जातात, हे आज सिद्ध झाले आहे.

एका बटाट्याची वीज थोडी असते. पण पहिल्या बटाट्यातील तांबे दुसऱ्यातील जस्ताला जोडले, की दाब दुप्पट होतो. अशा दोन बटाट्यांवर अंक दाखविणारे एखादे लहान घड्याळ चालू शकते. प्रयोगातला बटाटा मात्र खाऊ नये, कारण त्यात धातूचा अंश उतरलेला असतो. तसेच घरातील विजेच्या खटक्याशी असा खेळ कधीही करू नये. ती वीज प्राणघातक असते.

विजेचा दाब ज्या 'व्होल्ट'मध्ये मोजतात, त्या मापात व्होल्टांचे नाव राहिले आहे; आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याला 'गॅल्व्हनाइज्ड' म्हणतात, त्यात गॅल्व्हानींचे. बटाट्यात खोचलेला साधा खिळा आणि व्होल्टमापकाचा हलणारा काटा या जुन्या प्रतिस्पर्ध्यांना पुन्हा एकत्र आणतात.