कोपेलावरची कौलं

संपादकांनी धाडलं होतं ते सिंधुदुर्गच्या कॅथलिक धर्मप्रांतावर लिहायला. पुणे धर्मप्रांतातून तो २००५ साली वेगळा निघाला. आल्विन बरेटो पहिले बिशप, सावंतवाडीचं मिलाग्रिस चर्च त्याचं कॅथेड्रल. वेंगुर्ल्याचं अमेरिकन मिशन निराळं, प्रॉटेस्टंट. तिथल्या डॉक्टरांच्या घरी १९१९ साली जन्मलेले रॉबर्ट गोहीन पुढं प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष आणि अमेरिकेचे भारतातले राजदूत झाले. एवढं वहीत उतरवलं आणि मालवणच्या वाटेवर एका वाडीतल्या कोपेलापाशी, म्हणजे छोट्या चर्चपाशी, थांबलो. छपरावर माणूस होता.

मेअखेर. चिऱ्याच्या भिंती तापलेल्या. वर साठीपलीकडचे एक काका, गळ्यात तुळशीची माळ, रिपांवर पाय तोलत कौलं परतत होते. गावातलं देऊळही तेच शाकारतात.

"काका, किती फुटली?"

"फुटलेली दिसतत. केल्डां एक फोडतत नि धा हलयतत. हललेला खालसून गावणा नाय." केल्डां म्हणजे माकडं.

मंगळुरी कौल खिळ्यावाचून बसतं. पाठीवरचा उंचवटा रिपेला अडतो, कडेची खाच शेजारच्या कौलाच्या कंगोऱ्यावर चढते, उरलेलं काम वजन करतं. बोटभर सरकलं की पावसाची धार थेट आल्तारावर. काकांनी एक कौल पालथं करून दाखवलं; मागं कारखान्याचं पुसट नाव. हे कौल मुळात मिशनचंच. बासेल मिशनच्या प्लेब्स्ट यांनी १८६५ साली मंगळुरात त्याचा कारखाना काढला. कोकणातल्या कितीतरी देवळांवर त्याच जातीचं छप्पर आहे आणि त्याचं कुणाला काहीच वाटत नाही, हे मला फार आवडलं.

घोडं अडतं ते साच्यावर. एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही, आणि जुने कारखाने एकेक बंद पडले. म्हणून काका पडक्या घरांची कौलं उतरवून आणतात. कोपेलामागं ढीग आहे. वाडीतली पोरं मुंबईत, गोव्यात, गल्फात. फेस्ताला येतात, सढळ हातानं वर्गणी देतात, आणि पत्रा घाला म्हणतात. चार दिवसांचं काम. आवार झाडणाऱ्या बाईंना ते मुळीच पटत नाही. जुलैचा पाऊस पत्र्यावर तडतडला, तर फादरचा सेर्मांव ऐकणार कोण?

काका उतरले, पायरीवर बसून गुडघा चोळू लागले. बदलायची अजून तेवीस होती. ढिगातली जुळणारी निघाली अकरा.