इंजिनाची मंजूर मर्यादा

बँकेत कर्जाचे प्रकरण समोर आले की आम्ही दोन आकडे वेगवेगळे पाहत असू. व्यापाऱ्याला किती रक्कम देता येईल हा एक, आणि ती तो निर्वेधपणे किती वर्षे पेलू शकेल हा दुसरा. गेल्या उन्हाळ्यात पुतण्याने विचारलेल्या एका प्रश्नाने हे दोन आकडे पुन्हा आठवले.

जालन्याच्या नव्या मोंढ्यात त्याची आडत आहे. समृद्धी महामार्गामुळे त्याच्या नागपूरच्या फेऱ्या वाढल्या आहेत. मोटार जुनी, डिझेलची, ७५ अश्वशक्तीची. "काका, इंजिनाच्या संगणकातील आज्ञावली बदलून शक्ती ९५ करून देतात. इंजिन सोसेल का?"

इंधन किती व केव्हा सोडायचे, टर्बोने हवा किती दाबायची, हे तो संगणक ठरवतो. आज्ञावली बदलली की दोन्ही वाढतात आणि शक्तीही वाढते. मात्र त्याबरोबर उष्णता आणि दाबही वाढतो, आणि तो पिस्टन, टर्बो, क्लच व गिअरबॉक्स यांना सोसावा लागतो.

याचा उत्तम दाखला आपल्याच राज्यात आहे. फियाटचे १२४८ सीसीचे मल्टिजेट इंजिन पुण्याजवळील रांजणगावातही तयार होत असे. मारुती, टाटा व फियाट या तिघांच्याही मोटारींत ते बसले. मूळ इंजिन एकच, पण प्रकार ७५ आणि ९० अश्वशक्तीचे. ही वाढ कंपनीने केवळ आज्ञावलीतून काढली नाही. ९० च्या प्रकाराला निराळा, बदलत्या पात्यांचा टर्बो दिला. शिवाय शक्ती २० टक्के वाढवली, तरी टॉर्क १९० वरून २०० न्यूटन मीटर, म्हणजे जेमतेम ५ टक्केच वाढवला. बाजारातील आज्ञावली बहुधा याच्या उलट वागते. गाडी जोरात ओढते असे वाटावे म्हणून ती टॉर्कच अधिक वाढवते, आणि क्लचला घातक असतो तो टॉर्कच.

कंपनीने राखलेली शक्ती निरुपयोगी पडून नसते. बँक तारणावर मार्जिन ठेवते, तसे ते मार्जिन असते: चाळीस अंशांपलीकडचा आपला उन्हाळा, भेसळीचे डिझेल, लांबलेला ऑईलबदल, भरलेली गाडी यांच्यासाठी. ते आधीच वापरले, तर अडचणीच्या दिवशी हाती काही उरत नाही.

म्हणून माझे उत्तर असे: इंजिन निरोगी, क्लच भक्कम आणि वाढ माफक असेल, तर ते पुष्कळ वर्षे सोसू शकते. दीड लाख किलोमीटर धावलेल्या गाडीला ही अट लावली, तेव्हा तपासणीत क्लच आधीच घसरत असल्याचे आढळले. शिवाय समृद्धीवर मोटारींची वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. तेथवर ७५ अश्वशक्ती सहज पोहोचवते.

कायद्याची बाजूही पाहावी. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदलास मनाई करते. २०१९ च्या दुरुस्तीनुसार नियमबाह्य फेरबदलास प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. वॉरंटी जाऊ शकते, आणि विमा कंपनीपासून बदल लपवला, तर दाव्याच्या वेळी वाद अटळ.

पुतण्याने आज्ञावलीसाठी ठेवलेल्या पैशांत नवा क्लच व चार टायर घेतले. परवा नागपूरहून परतल्यावर म्हणाला, "गाडी तीच आहे काका, पण आता धास्ती वाटत नाही."