पहिले साठ फूट

आमच्या निवासी शाळेतून बाहेर पडलेले अनेक विद्यार्थी आज वाळूज, शेंद्रा आणि बिडकीन येथील कारखान्यांत व गॅरेजांत यंत्रांच्या सहवासात दिवस काढतात. शेंद्र्यास २००१ पासून स्कोडाच्या मोटारी जुळवल्या जाऊ लागल्या. वेगवान मोटार आमच्यापैकी काहींनी प्रथम जवळून पाहिली ती तिथेच. त्या आकर्षणातून पैठणच्या रस्त्यावर रात्री पैजा लागू लागल्या. अशाच एका रात्री आमच्या तुकडीतील एका मित्राची गाडी बाभळीवर आदळली. तो वाचला, परंतु आजही काठी घेऊन चालतो. सार्वजनिक रस्त्यावर विनापरवाना शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. हे पालकांनी घरात सांगावेच. मात्र नुसते ‘करू नका’ म्हटल्याने तरुणांचे कुतूहल शमत नाही, म्हणून या शर्यतीमागील शास्त्र येथे मांडत आहोत.

या शर्यतीची योग्य जागा म्हणजे बंदिस्त धावपट्टी. लोणावळ्याजवळच्या अॅम्बी व्हॅलीच्या विमान धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ ही शर्यत भरत आली आहे. अंतर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, तेही सरळ रेषेत. आपल्याकडच्या शंकरपटाशी तिचे जवळचे नाते आहे. तिथेही जोडी सरळ धावते आणि निकाल सेकंदांवर लागतो. बैल उधळण्याऐवजी नेमके सुटावेत यासाठी धुरकऱ्याची जी धडपड असते, तीच येथे चालकाची असते.

घड्याळाची रीत आधी समजून घ्यावी. दिवा हिरवा झाल्यावर घड्याळ सुरू होत नाही. पुढचे चाक प्रकाशकिरणाच्या बाहेर पडते तेव्हा होते. उशिरा निघणारा समोरच्याशी हरेल, पण त्याची स्वतःची वेळ बिघडत नाही. हातात येणाऱ्या चिठ्ठीवर पहिल्या ६० फुटांची वेळ, एकूण वेळ आणि शेवटच्या टप्प्यातील वेग असे आकडे असतात. शेवटचा वेग इंजिनची ताकद सांगतो, तर पहिल्या ६० फुटांची वेळ सुटण्याची गुणवत्ता सांगते. वेग चांगला आणि एकूण वेळ वाईट असेल, तर दोष इंजिनचा नसून सुरुवातीचा आहे. सुरुवातीला वाचलेला एक दशांश सेकंद शेवटी साधारण दीड ते दोन दशांश होऊन परत मिळतो, असा या खेळातील जुना अनुभव आहे.

आमच्यापैकी एकाने सहा महिन्यांची बचत इंजिनची ताकद वाढवण्यात घातली आणि त्याची वेळ उलट वाढली. कारण साधे आहे. वेळ ही वजन व ताकदीच्या गुणोत्तराच्या घनमुळानुसार बदलते. ताकद दहा टक्के वाढली तर १५ सेकंदांच्या गाडीला जेमतेम अर्धा सेकंद मिळतो, आणि तोही चाके जागेवर फिरली नाहीत तरच.

चाके जागेवर का फिरतात, हे काळ्या मातीत ट्रॅक्टर रुतलेला पाहणाऱ्यास वेगळे सांगावे लागत नाही. रेस जितकी जास्त, तितके चाक खोल जाते. डांबरावर खड्डा पडत नाही एवढाच फरक. टायर किंचित घसरत असतानाच त्याची पकड सर्वाधिक असते. घसरण वाढली की पकड कमी होते. त्यातच गाडी झेपावताना वजन मागे सरकते. आपल्या बहुतेक लहान मोटारींची पुढची चाके चालती असल्याने, नेमकी गरज असते तेव्हाच ती हलकी होतात.

म्हणून हाताने गिअर बदलण्याच्या गाडीत इंजिनचे फेरे पंचवीसशे ते तीन हजारांच्या आसपास धरून क्लच झटकन सोडू नये. हाफ क्लचवर गाडी चालू लागली की मगच पाय पूर्ण उचलावा आणि एक्सलरेटर हळूहळू दाबत न्यावा. नेमके फेरे प्रत्येक गाडीचे वेगळे असतात. ते शोधण्यासाठी एका फेरीत एकच गोष्ट बदलावी, नाहीतर फरक कशाने पडला हे कळत नाही. स्वयंचलित गाडीत कारखान्यानेच सुटण्याची सोय दिलेली असेल तर तीच वापरावी.

पुढच्या टायरांतील हवा दोन-तीन पौंड कमी केल्यास पकड सुधारते. याहून खाली जाणे या वेगाला धोक्याचे. पट्टीवर पाणी टाकलेले असेल तर साध्या टायरांनी त्याला वळसा घालावा, कारण खाचांत पाणी राहते आणि तेच सुटण्याच्या जागी टपकते. स्टेपनी, जॅक आणि डिकीतले सामान उतरवावे. चाळीस लिटर पेट्रोलचे वजन सुमारे तीस किलो भरते. चौदाशे किलोच्या गाडीत तेवढे कमी झाले तर जवळपास एक दशांश सेकंद फुकट मिळतो. टर्बोच्या गाडीला दोन फेऱ्यांमध्ये बॉनेट उघडून थंड होऊ द्यावे. मराठवाड्याच्या उन्हात वाढलेल्यांना तापलेल्या यंत्राचा स्वभाव ठाऊकच आहे. तापलेली हवा विरळ असते आणि ताकद घटते. पहाटेची फेरी दुपारच्या फेरीपेक्षा बहुधा सरस ठरते ती यामुळेच.

हेल्मेट, पट्टा आणि शेवटच्या रेषेपलीकडे थांबण्यास पुरेशी मोकळी जागा, या तीन गोष्टींवाचून गाडी रेषेवर न्यावी असे आम्हांस वाटत नाही.

आमचा तो मित्र आता आमच्यासोबत धावपट्टीवर येतो. गाडी चालवत नाही. काठी खुर्चीला टेकवून बसतो आणि प्रत्येक चिठ्ठीवरचा ६० फुटांचा आकडा, टायरांतली हवा व वेळ वहीत उतरवून घेतो.